कादंबरीतल्या आईला मॉर्फिन देताना

संपादक महोदय,

मराठी कादंबरीतली कॅन्सर झालेली आई बहुधा दोनदाच नीट भेटते: रिपोर्ट येतो त्या दिवशी आणि ती जाते त्या रात्री. मधली वर्षं चार ओळींत उरकतात. आजार घेऊन जगणं मात्र त्या मधल्या वर्षांतच असतं. आम्ही कर्करुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका आहोत, म्हणून हे लिहितोय.

पहिल्या केमोच्या रात्रीच उशीवर केसांचे पुंजके पडत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरला देतात त्या ‘लाल इंजेक्शना’ने केस दोन-तीन आठवड्यांनी, म्हणजे दुसऱ्या केमोच्या सुमारास जातात. लघवी मात्र एक-दोन दिवस लालसर होते. आधी सांगितलेलं नसेल तर बाई रक्त समजून हादरते. पुढे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध सुरू झालं की बोटं बधिर होऊ लागतात. ब्लाउजचे हूक लागत नाहीत, तांदळातला खडा चिमटीत येत नाही, तव्याचा चटका उशिरा कळतो. एवढं आलं तरी पानभर रडणं लिहावं लागणार नाही.

केमो बहुतेकदा दर 21 दिवसांनी असतो. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर रात्र असो की दिवस, तडक रुग्णालय गाठायचं. नागपूरच्या मे महिन्यात घरचे म्हणतात, ‘ऊन लागलं असेल’, आणि पन्हं पाजून, तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहतात. गोळीने ताप दबतो, जंतुसंसर्ग रक्तात पसरत राहतो. कादंबरीकाराला याहून मोठा प्रसंग कुठला हवा? गडचिरोली किंवा बालाघाटहून रात्रीच्या गाडीने आलेल्या आईच्या पेशी कमी निघाल्या, की केमो आठवडाभर पुढे जातो आणि ती तशीच परतते. हेही कुणी लिहीत नाही.

सर्वांत मोठं नुकसान मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदना शमवणाऱ्या औषधाच्या बाबतीत होतं. शेवटच्या प्रकरणात नर्स इंजेक्शन देते आणि आई डोळे मिटते. असं वाचलेले, पडद्यावर पाहिलेले नातेवाईक वॉर्डात म्हणतात, ‘मॉर्फिन म्हणजे संपलंच’, आणि गोळ्या कपाटात ठेवून देतात. आई कण्हत राहते. खरं तर मॉर्फिन बहुतेकांना तोंडानेच देतात, साधी गोळी दर चार तासांनी, दुखो न दुखो, घड्याळ बघून. डोस डॉक्टर हळूहळू वाढवतात. गुंगी बहुधा दोन-तीन दिवसांत उतरते. बद्धकोष्ठ मात्र आपोआप जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. ते राहिलं की पोटाच्या त्रासाने रुग्ण मॉर्फिनच सोडतो. योग्य मात्रेत ते मरण ओढवत नाही. कित्येक जणी त्यावर महिनोन्‌महिने उठून बसतात, कुकर लावतात, नातवाचा अभ्यास घेतात. 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलून रुग्णालयांसाठी मॉर्फिनच्या परवान्याची किचकट पद्धतही सोपी केली गेली.

लेखकांना विनंती आहे, छापायला देण्याआधी हस्तलिखित कॅन्सर वॉर्डातल्या एखाद्या परिचारिकेला वाचायला द्या. आम्ही आनंदाने वाचू.

— कर्करुग्ण शुश्रूषेतील काही परिचारिका, नागपूर