पडद्याखाली मराठी ओळी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तेलुगू नट पवन कल्याणचा 'दे कॉल हिम ओजी' हा तेलुगू सिनेमा २५ सप्टेंबर २०२५ ला लागला. त्या आठवड्यात सीना नदीच्या पुराने निम्मा सोलापूर जिल्हा हवालदिल झाला होता, सिनेमाला जायचं मन होईना. पुढच्या आठवड्यात पगाराचा हप्ता हातात आल्यावर पत्नीला घेऊन गेलो. सिनेमा 'ए' प्रमाणपत्राचा, त्यामुळे नातवंडांना घरीच ठेवलं. पडद्यावरचं रक्त बघून ते बरंच केलं असं वाटलं.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतो. घरची भाषा तेलुगू. पत्नी मोहोळकडची, मराठी घरातली. लग्नाला ३१ वर्षं झाली. सासूजवळ बसून विड्या वळता वळता ती तेलुगू बोलायला शिकली. पण घरातली तेलुगू वेगळी आणि सिनेमातल्या गुंडांची वेगळी.

गोष्ट जुन्या मुंबईतली आहे. बंदर, तिथे उतरणारा माल, त्यावरून पडणारे मुडदे आणि बऱ्याच वर्षांनी परत येणारा, तलवार चालवणारा ओजस गंभीरा. इमरान हाश्मी ओमी भाऊ झालाय, प्रकाश राज सत्या दादा. त्या अख्ख्या गोंधळात 'भाऊ' आणि 'दादा' एवढेच शब्द पत्नीच्या ओळखीचे. मध्यंतराच्या आधी तिने विचारलं, "अहो, ही मुंबईच आहे ना? मग मला काहीच का कळत नाही?" मी कानात सांगायला लागलो. तमनचं संगीत आणि पोरांच्या शिट्ट्या यांत माझा आवाज तिच्यापर्यंत पोचेना, वर पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. मग मी गप्प बसलो. तिनेही नंतर काही विचारलं नाही. ते मला फार लागलं.

पडद्याखाली संवादांच्या ओळी, म्हणजे सबटायटल्स, येत होत्या, पण इंग्रजीत. आमच्यासारख्या कामगारांपैकी त्या किती जण वाचणार?

ती एवढ्या हौसेने आली होती त्याला कारण आहे. माझे चिन्नायना, म्हणजे काका, लोअर परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर सोलापूरला परतले. गोदी, संप, गल्लीतले दादा, हे सगळं ते तेलुगूतून सांगायचे आणि रंगात आले की मराठीवर यायचे. पत्नीने ते पुष्कळदा ऐकलंय. तीच मुंबई तिला बघायची होती.

प्रश्न तिच्या एकटीचा नाही. माझी थोरली बहीण महापालिकेच्या तेलुगू शाळेत शिकली, ती तेलुगू वाचते. मी मराठी शाळेत गेलो, मला लिपी येत नाही. मुलाला तर बोलीही अर्धीच येते. आम्ही तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर. आमची तेलुगू इथल्या मराठी-कानडी शेजारात पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. सिनेमातले भराभर येणारे संवाद मुलाला धड लागत नाहीत. खाली मराठी ओळी असत्या, तर कानांनी तेलुगू ऐकत, डोळ्यांनी मराठी वाचत त्याला आजीची भाषा पुन्हा सापडली असती. तेलुगूला २००८ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, मराठीला २०२४ मध्ये. आमच्या घरात या दोन्ही भाषा एका ताटात जेवतात.

हिंदीत बघा, असं काही जण सांगतात. ओटीटीवर २३ ऑक्टोबरपासून हा सिनेमा हिंदी, तमिळ, कन्नड आणि मल्याळममध्येही आला. मराठीत नाही. आणि मला तो हिंदीत बघायचाच नाही. पवन कल्याणचा आवाज आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आवाज तोच राहू द्या, खाली मराठी तेवढी द्या.

माझा भाचा डिजिटल प्रोजेक्टरवर काम करतो. तो म्हणतो, या ओळी चित्रातच छापलेल्या असायला लागतात असं नाही, त्यांची वेगळी फाईल जोडता येते. म्हणून निर्मात्यांना आणि वितरकांना विनंती आहे, महाराष्ट्रात येणाऱ्या तेलुगू सिनेमांसाठी अशी मराठी फाईल करा. भाषांतर सोलापुरातच करून घ्या. घरी तेलुगू बोलणारी आणि मराठीतून शिकलेली मुलंमुली इथे गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या हाताला काम मिळेल. सगळे खेळ जमत नसतील तर निदान रविवारचा एक खेळ मराठी ओळींचा ठेवा. त्या खेळाला मी पत्नीला पुन्हा घेऊन येईन.

आपला,
एक यंत्रमाग कामगार,
पूर्व भाग, सोलापूर