आटे दुरुस्तीच्या संचातील चुकीच्या टॅपबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : एम ८ × १.२५ (बोल्टाचा व्यास ८ मिमी; पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, १.२५ मिमी) मापाच्या आटे दुरुस्ती संचात चुकीच्या मापाचा टॅप दिल्याबाबत व नुकसानभरपाई मिळण्याबाबत

महोदय,

हर्णै बंदराजवळ माझे आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायची) इंजिने दुरुस्त करण्याचे छोटे वर्कशॉप असून त्यावरच माझ्या कुटुंबाचा चरितार्थ चालतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि इंजिने उघडण्याची मोठी कामे आम्ही तेव्हाच उरकतो. खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या इंजिनाचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये इतके घट्ट धरतात की सोडवताना पुष्कळदा आतले आटेही त्यांच्याबरोबर बाहेर येतात. अशाच एका इंजिनात हेडचा बोल्ट काढताना ब्लॉकमधले आटे गेले, म्हणून मी आपला संच विकत घेतला. त्यात भोक मोठे करायचे ड्रिल, आटे पाडायचा टॅप आणि त्या आट्यांत बसवायचे इन्सर्ट, म्हणजे बोल्टासाठी नवे आटे देणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या, असतात.

संचाच्या माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे, संचातल्याच ८.४ मिमी ड्रिलने भोक सरळ मोठे केले, तेल लावून टॅप मारला, चुरा हवेने साफ केला आणि तारेचा इन्सर्ट पृष्ठभागापासून साधारण अर्धा आटा खाली बसेपर्यंत फिरवला. टॅप जड जात होता, हे तेव्हाच जाणवले होते. त्यानंतर हेड बसवून टॉर्क पान्याने बोल्ट आवळत असताना, इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कच्या निम्म्यावरही न पोहोचता बोल्ट इन्सर्टसकट वर आला.

यावर आपल्या प्रतिनिधीने फोनवर दोन कारणे सांगितली : बोल्ट जास्त आवळला गेला असावा आणि इन्सर्टला थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारा द्रव) लावलेला नसावा. पहिले कारण टॉर्क पान्याच्या वाचनाशी जुळत नाही. दुसरे तर मुळातच चुकीचे आहे, कारण तारेचा इन्सर्ट चिकटवलेला नसतो. मोकळा असताना त्याचा व्यास भोकातल्या आट्यांपेक्षा थोडा मोठा असतो आणि आत गेल्यावर स्प्रिंगप्रमाणे बाहेर ताणून तो स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. ही पकड टिकण्यासाठी भोकातले आटे नेमक्या मापाचेच असावे लागतात. ते मोठे झाले तर कोणताही द्रव ओतून ती कसर भरून निघत नाही.

म्हणून मी टॅपच मोजला. एम ८ × १.२५ च्या इन्सर्टसाठी लागणाऱ्या खास टॅपचा बाहेरचा व्यास सुमारे ९.६ ते ९.७ मिमी असतो. आपल्या संचातला टॅप, दांड्याकडच्या पूर्ण आट्यांवर व्हर्नियर लावून मोजला असता, १० मिमी भरतो. म्हणजेच हा बाजारात मिळणारा साधा एम १० × १.२५ चा टॅप आहे. दोन्हींचा पिच १.२५ मिमीच असल्यामुळे पिच गेज लावूनही फरक कळत नाही, आणि टॅपच्या दांड्यावर माप कोरलेलेच नाही. मापाचा आकडा न कोरलेला टॅप आपल्या तपासणीतून पुढे गेलाच कसा, याचे मला अधिक आश्चर्य वाटते.

खात्री करण्यासाठी मी भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर दोन भोके पाडली. एकात आपला टॅप मारला, दुसऱ्यात दापोलीच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून आणलेला योग्य मापाचा टॅप मारला, आणि दोन्हींत आपल्याच पाकिटातले इन्सर्ट बसवले. आपल्या टॅपच्या भोकात बोल्ट डुगडुगला आणि आवळताना इन्सर्ट घेऊनच वर आला. दुसरा पूर्ण टॉर्कपर्यंत आवळूनही हलला नाही. इन्सर्टबद्दल माझी तक्रार नाही.

तुटलेला बोल्ट बदलता येतो, परंतु चुकीच्या टॅपने खाल्लेला धातू परत येत नाही. त्या जागी १० मिमीचा बोल्ट घालणे शक्य नव्हते, कारण हेडमधले भोक आणि गॅस्केट दोन्ही ८ मिमीच्या बोल्टासाठीच केलेली आहेत. शेवटी भोक आणखी मोठे करून, लेथवर जाड भिंतीचे बूश बनवून ते बसवावे लागले. त्या कामाचे बिल सोबत जोडले आहे.

आणखी एक बाब. आपले इन्सर्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत आणि खारे पाणी लागणाऱ्या अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टेनलेस बसवले की गंज अ‍ॅल्युमिनियमला खातो. इन्सर्ट बसवताना गंजरोधक लेप लावणे किनाऱ्यावरच्या कामात टाळता येत नाही, तरी माहितीपत्रकात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. खोक्यावर मात्र 'बोटींसाठी उपयुक्त' असे ठळक छापले आहे!

तरी संचाची पूर्ण किंमत आणि लेथच्या कामाचा खर्च हे पत्र आपल्याला मिळाल्यापासून १५ दिवसांत मला द्यावा, तसेच याच बॅचचे टॅप मोजून चुकीचे संच विक्रेत्यांकडून परत मागवावेत, ही विनंती. सदोष टॅप मी मुद्दाम पाठवत नाही. तो पुरावा म्हणून माझ्याकडे आहे आणि आपला माणूस आल्यास त्याच्यासमोर मोजून दाखवीन. उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये रत्नागिरी येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्याखाली येते आणि तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार दाखल करता येते, याची कृपया नोंद घ्यावी.

सोबत : खरेदीची पावती, लेथच्या कामाचे बिल, व्हर्नियरच्या मापासह टॅपची छायाचित्रे, चाचणीच्या तुकड्याची छायाचित्रे.

आपला विश्वासू,
(सही)
वर्कशॉपचालक, हर्णै,
ता. दापोली, जि. रत्नागिरी