संकटाला देवाचा कोप म्हणू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लिहायचं कारण असं की २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरापासून आमच्याकडं लग्नात, सप्त्यात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जिथं बघाल तिथं लोक एकच म्हणायलेत, पाप वाढलं म्हणून देव कोपला. आणि हे बोलणारे बहुतेक जण ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही तेच असतात, हे पण बघण्यासारखंय.

मी देव मानणारी बाई आहे हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी मला नास्तिक म्हणायला नको. घरात परडी आहे, मंगळवार धरते, जमंल तेव्हा तुळजापूरला चालत जाते. आणि म्हणूनच मला हे कोपाचं बोलणं सहन होत नाही. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती, आणि त्याच दिवसांत आमच्या जिल्ह्यात परंडा भूमकडं पाणी घरादारात शिरलेलं, अडकलेल्या लोकांना काढायला एनडीआरएफ आणि हेलिकॉप्टर आणावं लागलं. घट बसवायला आपण रानातली काळी माती आणतो, तर कित्येकांच्या रानात तेव्हा मातीच राहिली नाही, सगळं खरडून गेलं आणि खाली नुसता मुरूम उघडा पडला. सोयाबीन गेलं, जनावरं दावणीलाच मेली, पीककर्ज तसंच डोक्यावर, आणि अशा माणसाला जाऊन सांगायचं की देव पण तुझ्यावर नाराज आहे? मग त्यानं रात्री दिवा लावून कुणाकडं बघायचं? त्याच्याकडं तेवढं एकच राहिलेलं असतंय हो.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी पण हेच ऐकलं होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३.५६, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक गणपती बोळवून दमून झोपलेले. दहा हजाराच्या आसपास माणूस गेला. आता जे लोक देवाला निरोप देऊन नुकते घरी आले त्यांच्यावरच देव कोपला, हे कोणत्या शास्त्रात बसतं मला सांगा. माणसं मेली ती जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवद अंगावर येऊन, म्हणून तर पुढं लातूर आणि धाराशिव मिळून ५२ गावं नव्या जागेवर वसवली तेव्हा घरं भूकंपाचा विचार करून बांधली. पापाचा विचार करून कोणी भिंत बांधत नसतंय.

दामाजीपंतांची गोष्ट तर आपल्याकडं पोराटोरांना माहितीय. मंगळवेढ्याला बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारं यांच्या ताब्यात, दुष्काळ पडला तशी ती यांनी लोकांना उघडून दिली, बादशहानं बोलावणं धाडलं, तर दामाजी पोचायच्या आत विठोबा विठू महार होऊन बेदरला गेला आणि सगळी रक्कम भरून पावती घेतली. या गोष्टीत देवानं पाऊस पाडला असं कुठंच नाही बरं का. दुष्काळ तसाच राहिला. धान्य एका माणसानं दिलं आणि त्याच्या मानेवर जे येणार होतं ते देवानं स्वतःवर घेतलं. उपाशी आलेल्याला तुझं पुण्य किती असं ना दामाजीनं विचारलं ना विठोबानं. मला देवाची दया म्हणलं की हेच डोळ्यापुढं येतं.

आता दुसऱ्या बाजूचे पण लोक आहेत, आमचा पुतण्याच त्यातला, तो म्हणतो काकू देव असता तर पूर आलाच कसा. याचं उत्तर मला येत नाही, उगं कशाला खोटं बोलू. पण शेजारच्या चाची नमाज झाल्यावर रहम मागतात, मी आईपुढं जोगवा म्हणते, आणि मग आम्ही दोघी मिळून फार्मर आयडीचं बघायला, पंचनाम्यात नाव आलं का विचारायला तलाठ्याकडं जातो. दिवा लावला नसता तर तिथं पायच निघाला नसता, तेवढं मी अनुभवानं सांगू शकते.

सगळ्यात राग येतो तो कोप उतरवून देणाऱ्यांचा. अनुदान खात्यावर पडलं न पडलं तोच अमुक विधी करा, एवढा खर्च येईल, नाहीतर पुढच्या साली पण असंच होईल. अहो ज्याच्याकडं बियाण्याला पैसा नाही त्याला आणखी कर्ज काढायला लावून कोणता देव खुश व्हायलाय? आई कधी लेकराला बिल लावती का.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की तुमच्या पेपरात अध्यात्माचं सदर येतं तिथं कोपाऐवजी दयेबद्दल लिहायला सांगा, आणि त्याच्याच खाली टेलिमानसचा, म्हणजे मनाला आधार देणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर छापत जा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि खचलेल्या माणसाशी नीट बोलतात. आमच्या गावात निम्म्या लोकांना हा माहितीच नाही. कीर्तनकार महाराजांनी पण आरतीच्या आधी माईकवरून एकदा सांगितला तर लई बरं होईल, कारण सरकारी बोर्ड कोणी वाचत नाही, महाराजांचं मात्र अजून ऐकतात.

कळावे,
आपली एक वाचक,
जि. धाराशिव