मुलूच्या गुहा बघायच्यात? मग नदीनं जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मलेशियाच्या सहलीवरचा लेख वाचला, चांगला होता, पण बोर्निओ बेटावरच्या सारावाक राज्यातल्या मुलू नॅशनल पार्कला त्यात जेमतेम दोन ओळी आणि त्यातही तिथल्या मिरी शहराहून विमानानं जाऊन एका रात्रीत परत येता येतं एवढंच, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. येता येतं हे खरंय. विमान अर्ध्या तासात पोचवतं, संध्याकाळी डिअर केव्ह ह्या गुहेबाहेर बसून आतून उडत बाहेर पडणारी वटवाघळं बघायची आणि सकाळी परत. पण ह्याला मुलू बघितलं असं म्हणू नये.

कारण तिथं नदी आणि गुहा ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. आपल्याकडे सह्याद्रीत सगळा काळा बेसॉल्ट, तो पाण्यात असा विरघळत नाही, म्हणून आपण गुहा म्हटलं की अजिंठा-वेरूळ, माणसानं छिन्नी घेऊन कोरलेलं काम. मुलूचे डोंगर चुनखडीचे. त्यावर वर्षाला चार-पाच हजार मिलीमीटर पाऊस, हे पाणी जंगलातल्या मातीतून खाली जाताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि मग खडकातली प्रत्येक फट विरघळवत आत शिरतं, लाखो वर्षं हेच चाललंय. तिथल्या क्लिअरवॉटर केव्ह ह्या गुहेची आत्तापर्यंत २०० किलोमीटरहून जास्त लांबी मोजून झालीये आणि आतली नदी डोंगरातून बाहेर पडून मेलिनाऊ नदीला मिळते. म्हणजे गुहेपर्यंत ज्या पाण्यावरून होडी जाते त्यातलं काही पाणी त्या गुहेतूनच आलेलं असतं! हे विमानाच्या खिडकीतून कसं कळणार?

होडी म्हणजे लांब, अरुंद, लाकडी लाँगबोट, मागे इंजिन आणि पुढे लांब काठी घेतलेला माणूस, तो खडक आला की काठी रोवून होडीचं तोंड वळवतो. पाणी कमी असलं की सगळ्यांनी उतरायचं आणि गोट्यांवरून होडी ढकलायची, गुडघाभर पाण्यात, वर दोन्हीकडे झाडं वाकलेली. वाटेत बातू बुंगान ही पेनान ह्या तिथल्या आदिवासी लोकांची वस्ती लागते, तिथल्या बायका वेताच्या टोपल्या, बांगड्या विकतात, नक्की घ्या. अजून वर कुआला लितुतला होडी सोडली की जंगलातून साधारण नऊ किलोमीटर चालत कॅम्प ५ ही मुक्कामाची जागा. तिथं समोर मेलिनाऊची घळ, चुनखडीचे सरळसोट पांढरट कडे आणि खाली इतकं गार स्वच्छ पाणी की चालून आल्यावर कुणाला सांगावं लागत नाही, सगळे कपड्यांसकट आत. माझ्यासाठी अख्ख्या मुलूमधली सगळ्यात सुंदर जागा हीच, गुहांपेक्षासुद्धा.

इथूनच पिनॅकल्सची चढाई, गुनुंग आपी डोंगरावर जंगलातून वर आलेले ४५-५० मीटर उंच चुनखडीचे सुळके. अंतर फक्त २.४ किलोमीटर, पण चढ १२०० मीटर आणि शेवटच्या टप्प्यात शिड्या आणि दोर, खडक इतका धारदार की हातमोजे लागतात. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या टप्प्यावर पोचला नाहीत तर गाईड परत पाठवतो, हुज्जत घालू नये, उतरायला चढण्याइतकाच किंवा जास्त वेळ लागतो. हरिश्चंद्रगड, अलंग-मदन करणाऱ्या आपल्या ट्रेकर्सना हे जमणारं आहे, म्हणूनच वाटतं की त्यांना कुणीतरी हे सांगायला पाहिजे.

आणखी एक. १९७७-७८ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीची मोठी मोहीम इथं आली, १९८१ मध्ये सारावाक चेंबर हे गुहेतलं दालन सापडलं, ६०० मीटर लांब आणि ४१५ मीटर रुंद, क्षेत्रफळात दादरच्या शिवाजी पार्कपेक्षा मोठी एकच खोली, २००० साली मुलूला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. हे सगळं छापून येतं. पण ह्या जंगलातल्या वाटा पेनान आणि बेरावान ह्या स्थानिक लोकांना आधीपासून माहिती होत्या, आजही होडी तेच चालवतात, गाईडही बरेचसे त्यांच्यातलेच. ह्याच पेनान लोकांनी १९८७ मध्ये लाकूडतोडीचे ट्रक अडवायला रस्त्यांवर आडवे बांध घातले होते. एका रात्रीत परत येणारा पर्यटक त्यांच्यातल्या कितीजणांशी बोलणार आणि त्यांच्या हातात किती पैसे पडणार? नदीनं गेलात, तीन-चार रात्री राहिलात तर होडीवाल्याला, गाईडला, टोपली विणणारीला सगळ्यांना काम मिळतं.

तेव्हा पुरवणीत मुलूवर एक पूर्ण लेख द्यावा ही विनंती, आणि त्यात हेही द्या: कॅम्प ५ ला जागा मोजकी असते, पिनॅकल्सचं बुकिंग आधीपासून करावं लागतं, गुहांमध्ये गाईडशिवाय सोडत नाहीत, क्वालालंपूरहून गेलात तरी सारावाकला पासपोर्ट वेगळा दाखवावा लागतो, आणि संध्याकाळी जोराचा पाऊस असेल तर वटवाघळं बाहेर पडत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी एक संध्याकाळ जास्तीची ठेवा.

आपली नियमित वाचक,
ठाणे