प्रवाळाची तब्येत वाळूत वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मालवणच्या प्रवाळांबद्दल छापून आलेलं मी आवर्जून वाचतो. पण बातमी होते ती प्रवाळ पांढरा पडल्यावर. अनेकदा त्याआधी कित्येक महिने पाणी बिघडत आलेलं असतं आणि त्याची नोंद प्रवाळाच्या बुडाशी साचलेल्या वाळूत होत असते. ती वाळू नेमाने तपासावी, एवढंच सांगण्यासाठी हे पत्र.

मी आयुष्यभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं. किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की मुलं हमखास म्हणायची, "सर, हे तर शंख!" ते शंख नव्हेत. ती फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचं. बहुतेक कवचं चुन्याची, खसखशीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून बारीक. इजिप्तच्या पिरॅमिडांच्या दगडात याच कुळातल्या, पण नाण्याएवढ्या मोठ्या जीवांची कवचं ठासून भरलेली आहेत.

यांच्यातले काही जण प्रवाळासारखाच संसार करतात: पेशीत सूक्ष्म शैवाल सांभाळतात आणि त्याने उन्हावर तयार केलेल्या अन्नावर जगतात. अँफिस्टेजिना त्यांतला एक. त्यांना नितळ, उजेडाचं पाणी लागतं. सांडपाणी, खतं मिसळू लागली की ते कमी होतात आणि अमोनिया (वायूशी संबंध नाही, हे जीवाचंच नाव), एल्फिडियम यांसारखे काटक जीव माजतात. फ्लोरिडाच्या पामेला हॅलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली यावरून एक निर्देशांक मांडला. वरवरच्या वाळूतली दीडदोनशे कवचं मोजायची. सगळी कवचं मिळून 1 धरून शैवाल पाळणाऱ्यांच्या प्रमाणाला दहाने गुणायचं, इतर बारीक जीवांच्या प्रमाणाला दोनाने, काटकांचं तसंच ठेवायचं आणि बेरीज करायची. उत्तर 4 च्या वर आलं तर पाणी प्रवाळ वाढायला योग्य. 2 च्या खाली गेलं तर तिथे प्रवाळ पुन्हा उभा राहण्याची आशा धरू नये.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. मेलेला प्रवाळ मरणाचं कारण सांगत नाही. लक्षद्वीपचे प्रवाळ 1998, 2010 आणि 2016 मध्ये पांढरे पडले ते समुद्र तापल्यामुळे. अशा वेळी वाळूतले शैवालधारी जीव भरपूर असतील, तर पाणी अजून चांगलं आहे आणि उष्णता ओसरल्यावर प्रवाळ सावरू शकतो. तेच नाहीसे झाले असतील, तर दोष पाण्यात आहे. तिथे प्रवाळाचे तुकडे लावण्यावर केलेला खर्च समुद्रातच जाणार. प्रवाळाची वसाहत कित्येक दशकं जगते, या जिवांचं आयुष्य काही महिन्यांचं, फार तर वर्षभराचं. म्हणून बदल आधी त्यांच्यात दिसतो.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम 29 चौरस किलोमीटर. पावसाळ्यात गाळ, गोडं पाणी; पुढे हंगामभर पर्यटकांच्या होड्या, नांगर आणि शहराचं सांडपाणी. फ्लोरिडाचे 4 आणि 2 हे आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत, आपलं पाणी मुळातच गढूळ. पण ठरलेल्या दहा जागांची वाळू दर मे आणि दर डिसेंबरमध्ये काढून मोजत गेलो, तर पाचसहा वर्षांत आपलेच आकडे आपल्या हाती येतील आणि घसरण वेळीच दिसेल.

याला खर्च किती? बारीक चाळणी, साधा सूक्ष्मदर्शक आणि बारक्या ब्रशने कवचं वेचण्याची चिकाटी. प्रवाळाचा एक कणही तोडावा लागत नाही. पर्यटकांना रोज पाण्याखाली नेणारे आमचे स्कूबावाले पोरगे वनखात्याच्या परवानगीने बाटलीभर वाळू सहज वर आणतील. शंका आली तर दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था फार दूर नाही. तिथे या जिवांचा अभ्यास कित्येक वर्षांपासून चालतो.

वनखात्याने आणि जिल्ह्यातल्या कॉलेजांनी हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या चाळण्या आणि सूक्ष्मदर्शक अजून शाबूत आहेत. मुलांना कवचं ओळखायला शिकवण्यासाठी मी स्वखर्चाने कुठल्याही कॉलेजात यायला तयार आहे, या डिसेंबरपासूनसुद्धा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सिंधुदुर्ग