२६ जानेवारीच्या शपथेपूर्वी

सोलापूर,
१७ जानेवारी

चि. सौ. श्रीलता हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र गड्ड्याच्या यात्रेच्या धामधुमीत मिळाले. अक्षता सोहळा आणि शोभेचे दारूकाम आटोपून घर जरा शांत झाल्यावर ते पुन्हा वाचले आणि मग लिहायला बसलो. येत्या २६ जानेवारीला मेलबर्नमध्ये तू ऑस्ट्रेलियाच्या नागरिकत्वाची शपथ घेणार आहेस आणि "त्या दिवसानंतर मी नेमकी कोणाची, नान्ना?" असे तू विचारले आहेस. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिथली शपथ झाली की इथला पासपोर्ट परत करावा लागेल. पुढे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळते ते ओसीआय कार्ड मिळेल, त्यावर येता-जाता येईल, पण मतदान करता येणार नाही. मला काही वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. इथे झेंडावंदन चालू असेल त्याच दिवशी माझी मुलगी या देशाच्या मतदारयादीतून वजा होणार, या विचाराने दोन रात्री मला झोप लागली नाही. तरीही तू शपथ घ्यावीस असेच माझे मत आहे, आणि ते का, हे सविस्तर लिहितो.

माझे आजोबा करीमनगर जिल्ह्यातून वाडी जंक्शनला गाडी बदलून सोलापुरात उतरले. गावी माग होता, पण पोट भरत नव्हते. इथे १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून सुताचे आणि विणकामाचे गाव म्हणून सोलापूरचे नाव झाले होते, आणि आपले पद्मशाली विणकर लोक आधीपासून इथे येऊन राहिले होते. आपण अजूनही त्यांच्या गावाला 'आपले मूळ गाव' म्हणतो. पण ते गाव जागचे न हलता आधी निजामाच्या संस्थानात होते, मग हैदराबाद राज्यात गेले, १९५६ मध्ये आंध्र प्रदेशात आणि २०१४ मध्ये तेलंगणात. आजोबा परतले असते तर त्यांना प्रत्येक वेळी वेगळ्या राज्याचे रहिवासी म्हणवून घ्यावे लागले असते. म्हणून ओळख ही जमिनीत गाडून ठेवलेली वस्तू आहे, जो तिथून उठला त्याची ती सुटली, हे म्हणणे मला कधीच पटलेले नाही.

आपण घरात तेलुगू बोलतो आणि मी हे पत्र मराठीत लिहितो आहे. पैसे मोजताना माझ्या तोंडी आजही तेलुगू आकडे येतात, परंतु विचार कागदावर उतरवायचा तर मराठीच लागते. ती मला सहज मिळालेली नाही. चौथीत श्रुतलेखनाच्या तासाला माझे 'न' आणि 'ण' चुकले, तेव्हा एका मास्तरांनी साऱ्या वर्गासमोर विचारले होते, "भाषा येत नाही तर इथे राहता कशाला?" पुढच्याच वर्षी दुसऱ्या मास्तरांनी शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास बसवून घेऊन माझे लिहिणे सुधारले. ते दोघेही याच गावचे. आलेल्या माणसाला भाषा शिकवायची की तिच्या आडून बाहेर काढायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि देशही ते ठरवत असतो.

तुझ्या नव्या देशाने तर हे श्रुतलेखन थेट कायद्यात आणले होते. १९०१ च्या कायद्याने तिथे उतरणाऱ्याला कोणत्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा ऐकून लिहायला सांगता येत असे, आणि भाषा कोणती हे अधिकारी ठरवत. गोरे नसलेल्यांना बाहेर ठेवण्याचाच तो मार्ग होता. १९३४ मध्ये एगॉन किश या अनेक भाषा जाणणाऱ्या लेखकाला सरकारला उतरू द्यायचे नव्हते, म्हणून त्याला स्कॉटिश गेलिकमधून उतारा घातला गेला. ती परीक्षा १९५८ मध्ये गेली आणि वंशाची अट १९७३ मध्ये पूर्णपणे काढली गेली. त्याच देशाच्या २०२१ च्या जनगणनेत २७.६ टक्के लोक परदेशात जन्मलेले निघाले. मधल्या काळात स्नोई पर्वतातल्या धरणांवर आणि वीजकेंद्रांवर, १९४९ ते १९७४ या वर्षांत, तीसहून अधिक देशांतली एक लाखाहून अधिक माणसे राबली. देशाचे रूप बदलते ते असे, कायद्याने आणि कामाने. त्यात कायदा बहुतेक वेळा कामाच्या मागून येतो.

हे मी पुस्तकी बोलत नाही. चादरीच्या कारखान्यात दिवाणजी असताना पगाराच्या दिवशी नोंदवही माझ्यापुढे असे. सह्यांच्या रकान्यात एकाखाली एक तेलुगू, कन्नड, देवनागरी आणि उर्दू अक्षरे, मधूनमधून निळ्या शाईचे अंगठे. बोनसवरून ही माणसे माझ्याशी एका सुरात भांडली आहेत. त्यांच्या हातून निघालेल्या मालाला जग 'सोलापुरी चादर' म्हणते; ती तेलुगू की मराठी, असे कोणी विचारत नाही.

१२ तारखेला नेहमीप्रमाणे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जाऊन आलो. १९३० च्या मार्शल लॉ नंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. त्या चौघांत आपल्या जातीचा किंवा आपल्या घरची भाषा बोलणारा कोणी नाही. तरी लहानपणी तुला खांद्यावर घेऊन मी तिथे 'आपले हुतात्मे' म्हणून दाखवले, आणि तसे म्हणण्याचा माझा हक्क कोणी नाकारला नाही. आपण गावाचा मान असा वारशाने घेतला आहे, रक्ताचे नाते नसताना.

माझे खरे सांगणे इथून पुढे आहे. मान घेतला तर कर्जही घ्यावे लागते. ज्या दिवशी तू शपथ घेणार, तो २६ जानेवारी आपल्याकडे संविधानाचा. तिकडे तो १७८८ मध्ये इंग्रजांचा ताफा सिडनीच्या किनाऱ्याला लागल्याचा. तिथले मूळचे लोक ६० हजारांहून अधिक वर्षे त्या भूमीवर राहत आले आहेत आणि त्यांच्या लेखी हा दिवस भूमी गमावल्याचा आहे. १९३८ मध्ये त्यांनी तो शोकदिन म्हणून पाळला होता. १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी कौल दिल्यावर कुठे ते देशाच्या लोकसंख्येत धरले जाऊ लागले. "आम्ही तर काल आलो, आमचा यात काय दोष?" असे तुमच्यातले काही म्हणतात, असे तू लिहिलेस. दोष नाही, हे मान्य. परंतु तिथले रस्ते, इस्पितळे, वेदांतची शाळा हे सारे ज्या जमिनीवर उभे आहे, ती कोणाकडून आली हे विसरून केवळ सोयी आपल्या म्हणता येणार नाहीत. शपथेआधी तिथल्या मूळ लोकांपैकी कोणी ज्येष्ठ स्वागताला उभे राहिले, तर मोबाइल खाली ठेवून ऐक.

याच संदर्भात एक गोष्ट कबूल करतो. दिवाळीनंतर आपल्या वरच्या खोलीसाठी बिहारकडचा एक फरशी बसवणारा आला होता, बायको आणि लहान मुलीसह. भाडे द्यायला तयार होता. मी "बाहेरच्यांना देत नाही" असे सांगून त्याला परत पाठवले. 'बाहेरचे' हा शब्द आपल्या आजोबांनी किती दारांत ऐकला असेल, हे त्या क्षणी माझ्या मनातही आले नाही. ते तुझे पत्र वाचताना आले. मी चौकशी केली, पण तो आता दुसरीकडे राहायला गेला आहे.

फुलांचे थर रचून मांडायच्या आपल्या बतुकम्मा सणाचा तुझा फोटो तुझ्या अम्माने देव्हाऱ्याजवळ ठेवला आहे. माझी आजी सांगायची की, सोलापूरच्या माळावर तरवड पिवळी फुललेली दिसली तेव्हा तिला पहिल्यांदा इथे राहता येईल असे वाटले, कारण ती तिच्या गावची तंगेडू होती. तुला तिथे तंगेडू मिळाली नाही, म्हणून तू मधल्या थरात वॉटलची पिवळी फुले लावलीस. वॉटल बाभळीच्या कुळातले आणि ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय फूल. अम्माला आधी ते खटकले. मग चष्मा लावून तिने फोटो निरखला आणि "थर मात्र घट्ट बसलाय," एवढेच म्हणाली.

वेदांतला शाळेत "तू खरा कुठला?" असे विचारतात, याचे वाईट वाटून घेऊ नकोस आणि त्याला एकच एक उत्तर पाठही करून देऊ नकोस. मेलबर्नचा, सोलापूरचा, तेलुगू घरातला, असे जे ज्या वेळी सांगावेसे वाटेल ते त्याने सांगावे. यातले काहीच खोटे नाही. मोजायला मात्र त्याला तेलुगूत शिकव.

२६ तारखेला कोपऱ्यावरच्या शाळेतले झेंडावंदन आटोपून मी साडेआठला फोन करीन, तुमच्याकडे तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतील. शपथेचा कागद जवळ ठेव. त्यातले शब्द मला सावकाश वाचून दाखव.

तुझे,
नान्ना