खाण अभियांत्रिकीच्या ग्रंथसंग्रहासाठी सोलापूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला खाण अभियांत्रिकीचा ग्रंथसंग्रह भेट द्यायचे आम्ही ठरवले आहे. आम्ही म्हणजे शहरातले काही निवृत्त खाण कर्मचारी, प्राध्यापक आणि ग्रंथपाल.

सोलापुरात कोळसा नाही, मग हे कशाला, असे अनेक जण विचारतात. पण घरातली शहाबादी फरशी खाणीतूनच येते आणि फताटेवाडीचा १,३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प कोळशावरच चालतो. रस्त्याची खडी तर आपल्याच काळ्या पाषाणात सुरुंग लावून काढतात, आणि दगडखाणही कायद्याने खाणच धरली जाते. सुरुंगाची भोके किती खोल, त्यांच्यात अंतर किती, कड्याच्या पायऱ्या किती उंच ठेवायच्या, यात चूक झाली की दरड मजुराच्या अंगावर येते. हे शिकवणारी पुस्तके जिल्ह्यातल्या मुलांना इथेच मिळायला हवीत.

नवी पाठ्यपुस्तके विकत घेता येतात. त्यासाठी देणगी हवीच आहे. रोख नको, धनादेश विद्यापीठाच्या नावानेच द्यावा आणि पावती मागून घ्यावी.

पण आम्हाला खरी ओढ आहे ती दुकानात न मिळणाऱ्या कागदांची: खाण सुरक्षा महानिदेशालयाची जुनी परिपत्रके, अपघातांचे चौकशी अहवाल, खाणीतले वायुवीजन आणि खाणीच्या छताला द्यायचे आधार यांवरची टिपणे, ओव्हरमन-सरदार (खाणीतले पर्यवेक्षक) परीक्षांच्या वह्या. तेलुगू भाषिक कुटुंबांना विशेष विनंती आहे. वडील, काका, मामा तेलंगणातल्या सिंगरेनी कोळसा खाणींत नोकरीला असतील तर त्यांची ट्रंक एकदा उघडून बघा. कर्नाटकातल्या हट्टीच्या सोन्याच्या खाणीत, चंद्रपूर-वणीकडच्या कोळसा खाणींत राहिलेल्यांनीही बघावे.

नियम बदलले म्हणून जुनी प्रत रद्दीत घालू नका. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांच्या जागी २०१७ चे आले, हे खरे. पण १९७५ साली धनबादजवळच्या चासनाळ्याच्या कोळसा खाणीत पाणी घुसून ३७५ माणसे गेली; ते प्रकरण अभ्यासायचे तर त्या वेळचे नियम शेजारी उघडे हवेत.

नकाशांच्या घड्या घालू नका, गुंडाळून द्या. चालू खाणींचे, कंपनीच्या मालकीचे नकाशे मात्र देऊ नयेत. वाळवी लागलेली पुस्तके वेगळी ठेवा, नाहीतर शेजारची कपाटेही जातील. वडिलांच्या हस्ताक्षरातली वही द्यायला मन होत नसेल तर स्कॅन करून मूळ प्रत परत देऊ. प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवहीत देणगीदाराच्या नावानिशी नोंद व्हावी, असा आमचा आग्रह राहील.

गठ्ठे जड असतील तर तसे कळवा, आमचे कार्यकर्ते घरी येऊन घेऊन जातील.

आपले,
समितीचे सर्व सदस्य, सोलापूर